इंदूरचे दुसरे यशवंतराव : दोन वाटांवरचा महाराजा आणि केशरी ड्यूसेनबर्ग

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीने दुसऱ्या मोटारीला मुद्दाम धडक दिली. धडक बसलेल्या गाडीत अब्दुल कादर बावला हा धनाढ्य व्यापारी आणि इंदूर दरबारातून निसटून आलेली मुमताज बेगम ही नर्तकी होती. हल्लेखोरांनी बावलाचा प्राण घेतला आणि मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी अवचित तेथे पोहोचले नसते, तर तीही वाचली नसती. पुढचा तपास इंदूरच्या दिशेने गेला आणि होळकरांच्या गादीपर्यंत येऊन थांबला. महाराज तिसरे तुकोजीराव यांच्यापुढे ब्रिटिश सरकारने दोन पर्याय ठेवले. एक, चौकशी आयोगाला सामोरे जाणे; दुसरा, गादी सोडणे. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी दुसरा पर्याय पत्करला आणि साडेसतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने गादी रिकामी केली. त्या मुलाचे नाव यशवंतराव.

मोटारींचा विलक्षण षौकीन म्हणून ज्यांचे नाव पुढे जगभर झाले, त्या महाराजांना राज्य मिळाले तेही एका मोटारीवरील हल्ल्याच्या परिणामी, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. घराणे मल्हारराव आणि अहिल्याबाईंचे. घरची भाषा मराठी. प्रजा मात्र बहुतांशी माळवी आणि हिंदी बोलणारी. पेशवाईच्या काळात नर्मदेपलीकडे गेलेल्या मराठी माणसांनी माळव्यात जी वस्ती केली, तिच्या खुणा इंदूर, देवास, धार या जुन्या संस्थानी शहरांत जागोजागी आहेत, आणि भोपाळच्या सोनागिरीसारख्या अलीकडच्या वसाहतींतही मराठी उंबरठे सापडतात. या साऱ्या मुलखात होळकर हे नाव आजही आदराने घेतले जाते. तो आदर बहुतांशी अहिल्याबाईंचा आहे, हे यशवंतरावही जाणून असावेत. अशा घराण्याच्या वारसाचे शिक्षण मात्र इंग्लंडात झाले. चीम आणि चार्टरहाऊस या शाळा, नंतर ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च महाविद्यालय. १९२४ मध्ये, म्हणजे सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. वधू तर त्यांच्याहूनही बऱ्याच लहान होत्या.

वयात येईपर्यंत राज्याचा कारभार मंत्रिमंडळाने पाहिला. सिरेमल बापना यांच्यासारखा कर्तबगार दिवाण लाभल्यामुळे तो नेटका चालला. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. दरम्यान तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला होता; तिला विधिपूर्वक हिंदू धर्मात घेऊन शर्मिष्ठादेवी हे नाव देण्यात आले, आणि त्यावरून देशभर मोठा गदारोळ उठला. पित्याच्या दोन्ही प्रकरणांनी इंदूरचे नाव वर्तमानपत्रांच्या तोंडी राहिले होते. नव्या महाराजांना ते नाव वेगळ्या कारणासाठी घेतले जावे असे वाटत असल्यास त्यात नवल नाही.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराशी त्यांची गाठ पडली. दोघेही विशीत. महाराजांनी त्याला इंदूरला बोलावले आणि माणिकबाग महालाचे काम सोपवले. १९३० ते १९३३ या काळात उभा राहिलेला हा महाल घुमट, कमानी, झुंबरे यांच्यापासून पूर्णपणे मुक्त होता. तुकोजीरावांच्या लालबागेत युरोपच्या जुन्या राजवाड्यांची नक्कल होती; पुत्राच्या माणिकबागेत त्याच घटकेचा युरोप होता. पोलादी खिडक्या जर्मनीतून आल्या, हवा थंड राखण्याची यंत्रणा बसली. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए यांनी रचलेले सामान, प्युइफोरकाची चांदीची भांडी, दा सिल्वा ब्रून यांचे गालिचे अशी मांडणी तेथे झाली. पॅरिसमध्ये मॅन रे याने या तरुण दांपत्याची छायाचित्रे काढली. बर्नार बुते द मॉन्वेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे रंगविली: एकात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या रात्रीच्या पोशाखात, काळ्या झग्यात उभे आहेत, दुसऱ्यात मराठेशाही पागोटे आणि शुभ्र अंगरखा घालून, गळ्यात जगप्रसिद्ध 'इंदूर पेअर्स' हिरे लेवून बसले आहेत. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की त्यांच्या आयुष्याचा पेच नजरेत भरतो. अतिशय उंच, सडपातळ, लांब बोटांचा हा माणूस दोन्ही पोशाखांत तितकाच शोभतो; मात्र त्यांतला नेमका कोणता त्याचा, हे चित्रांवरून ठरविता येत नाही.

मोटारींच्या बाबतीत त्यांची रसिकता याच जातीची होती. हिंदुस्थानी संस्थानिकांच्या मोटारी म्हटल्या की चांदीने मढविलेल्या, सिंहासनासारख्या आसनांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे येतात. त्या गाड्यांचे काम मिरवणुकीचे. हत्तीची जागा त्यांनी घेतली होती आणि हत्तीच्याच चालीने त्या चालत. यशवंतरावांना हवी होती ती स्वतः चालविण्याजोगी, दोन माणसांची, वेगाची गाडी. आणि अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यापुढे १९३५ च्या सुमारास खरोखरच दोन वाटा होत्या.

पहिली वाट युरोपची. फ्रान्समध्ये मोल्सहाइमच्या बुगाट्टी कारखान्यात 'टाइप ५७ एस' आकाराला येत होती. तिचे यंत्र अवघे सव्वातीन लिटरचे, शक्ती सुमारे १७५ अश्वशक्ती. पण सांगाडा इतका खाली आणलेला की मागचा आस सांगाड्याच्या वरून वा खालून न जाता त्याच्या आरपार काढावा लागला. याच सांगाड्यावर ॲटलांटिक ही बंदिस्त, दोन दारांची कूपे तयार झाली. पाठीवरून माशाच्या कल्ल्यासारखी रिव्हेटची शिवण असलेली ही गाडी जेमतेम तीन-चार बनल्या. इटलीत आल्फा रोमिओची '८ सी २९००' होती: तीन लिटरांहून लहान यंत्र, त्याला दोन सुपरचार्जर, चारही चाकांना स्वतंत्र आधार, आणि १९३८ च्या मिल्ले मिल्या शर्यतीचे विजेतेपद. या गाड्यांचे बळ हलकेपणात होते. वळणावर त्या रस्त्याला चिकटून राहत, घाटात चढताना दमत नसत, ब्रेक दाबताच वेग आवरत. डोंगराळ, वळणावळणांच्या रस्त्यांसाठी त्या घडविल्या होत्या. गोव्याच्या घाटवाटा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी वाट अमेरिकेची, आणि तिच्या टोकाला इंडियानापोलिसचा ड्यूसेनबर्ग कारखाना होता. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले, आयोवात वाढलेले भाऊ. त्यांच्या गाडीने १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ मध्ये. १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्यांनी 'मॉडेल जे' जगापुढे आणली: एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, जवळजवळ सात लिटरचे यंत्र, २६५ अश्वशक्ती. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्या याच्या निम्म्याही शक्तीच्या नव्हत्या. १९३२ मध्ये 'एसजे' आली. तिला सुपरचार्जर जोडून शक्ती ३२० वर नेली होती. याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग मोटार अपघातात मृत्यू पावले.

सुपरचार्जर म्हणजे यंत्रात नेहमीपेक्षा अधिक हवा दाबून भरणारा पंखा. ड्यूसेनबर्गचा हा पंखा यंत्राच्या दांड्यापेक्षा सुमारे पाचपट वेगाने फिरे. त्याची एक खोड होती. यंत्र हळू फिरत असताना त्याचा उपयोग जवळजवळ नसे. गती वाढली की मात्र तो असा जागा होई की गाडी जणू मागून कोणी ढकलावी तशी पुढे झेपावे. शंभर मैलांचा वेग १७ सेकंदांत आणि अंतिम वेग तासाला १३० ते १४० मैल असा कारखान्याचा दावा होता. एवढ्यावर रेसर ॲब जेनकिन्स याने १९३५ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर खास बांधणीची ड्यूसेनबर्ग चोवीस तास चालविली आणि सरासरी तासाला १३५ मैलांहून अधिक वेग राखला, तेव्हा तो दावा पोकळ नव्हता हे सिद्ध झाले. उलट बाजूस, गाडीचे वजन सव्वादोन टनांहून अधिक; बुगाट्टीच्या दुपटीच्या आसपास. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिला तोड नव्हती. अरुंद वळणावर ती चालविणाऱ्याच्या दंडांची आणि धीराची परीक्षा पाही.

एक गाडी वळणाची, एक सरळ रस्त्याची. एक चपळ, एक बलाढ्य. दोहोंतली श्रेष्ठ कोणती, या वादाला त्याही काळी अंत नव्हता. ब्रिटनमध्ये बेंटली कारखान्यात हाच वाद घरातल्या घरात झाला होता. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जर मुळीच मान्य नव्हता. यंत्र मोठे करावे, पण त्यात बळजबरीने हवा कोंबू नये, हे त्यांचे मत. त्यांच्या मनाविरुद्ध बनलेल्या सुपरचार्जरच्या बेंटली गाजल्या खूप, परंतु १९२९ आणि १९३० ची ल मान्सची शर्यत जिंकली ती साध्या श्वासाच्या 'स्पीड सिक्स'ने.

यशवंतरावांनी ड्यूसेनबर्ग निवडली. माळव्याच्या पठाराकडे पाहिले तर ही निवड समजण्यासारखी आहे. मुंबई-आग्रा रस्ता इंदुरातून जातो. विंध्याचा घाट चढून महूच्या पुढे आले की मैलोन् मैल सपाट काळी जमीन, दुतर्फा झाडे, आणि क्वचितच एखादे वळण. अशा रस्त्यावर मोठ्या यंत्राला मोकळा श्वास मिळतो. असे असले तरी केवळ रस्त्याचा विचार करून त्यांनी गाडी घेतली, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पावसाळ्यात त्याच काळ्या मातीचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. युरोपचे सर्व काही माणिकबागेत येऊन बसले होते; इंग्रज अधिकाऱ्यांच्या रोल्स-रॉइस आणि बेंटली इंदुरात नव्या राहिल्या नव्हत्या. अमेरिकेची ही राक्षसी गाडी हिंदुस्थानात कोणा ब्रिटिश रेसिडेंटाकडे असण्याची शक्यता नव्हती, आणि हेही तिच्या बाजूचे एक मोठे कारण असावे.

त्या काळी असे कारखाने बहुधा यंत्रासह नुसता सांगाडा विकत. अंग चढविण्याचे काम वेगळ्या कारागिरांचे. अमेरिकेत ज्या गाड्यांना 'एसएसजे' म्हणतात, त्या दोनच बनल्या. एक अभिनेता गॅरी कूपर याच्याकडे, दुसरी क्लार्क गेबल याच्याकडे गेली. त्यांचा सांगाडा मुद्दाम आखूड केला होता. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १० फूट ५ इंच. गाडी वळणावर चपळ व्हावी, हा त्यामागचा हेतू. यशवंतरावांच्या गाडीसाठी नेमका उलटा मार्ग धरला गेला. ड्यूसेनबर्गचा सर्वांत लांब सांगाडा, पावणेतेरा फुटांहून किंचित अधिक अंतराचा, जो एरवी सात माणसांच्या राजेशाही गाड्यांसाठी वापरीत, तो लंडनला धाडण्यात आला, आणि त्यावर दोन माणसांसाठी उघडे अंग बांधले गेले. यंत्राचे झाकण कोणत्याही प्रमाणाबाहेर लांब. त्याच्या अंगातून बाहेर आलेल्या चकचकीत धुराच्या नळ्या. मागे वाहत गेलेले, पाण्याच्या थेंबासारखे मडगार्ड. हे काम चेल्सी भागातल्या जे. गर्नी नटिंग या कारखान्याचे आणि रेखाटन ए. एफ. मॅकनील यांचे. माल्कम कॅम्पबेल याच्या १९३१ च्या विक्रमी 'ब्लू बर्ड'चे अंग याच कारखान्याने घडविले होते. वुल्फ बार्नाटो याची 'ब्लू ट्रेन' म्हणून गाजलेली बेंटली कूपेही येथलीच. कानहून निघालेल्या आगगाडीशी बार्नाटोने पैज मारली ती मात्र या कूपेतून नव्हे, दुसऱ्याच चारदारी बेंटलीतून, हे कित्येक वर्षांनी उघडकीस आले. गाड्यांच्या दंतकथा माणसांच्या दंतकथांपेक्षा कमी हट्टी नसतात.

इंदूरच्या गाडीचा रंग ठरला केशरी आणि काळा. पुढे लाल आणि निळे दिवे बसविले होते. रस्त्यावरच्या शिपायाला दुरूनच कळावे की येणाऱ्या गाडीत स्वारी कोणाची आहे, अशी ती योजना. १९३५-३६ च्या सुमाराची ही गाडी ड्यूसेनबर्गच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक ठरली. १९३७ मध्ये कारखानाच बंद पडला. 'जे' आणि 'एसजे' मिळून पाचशेही गाड्या बनल्या नव्हत्या, आणि त्यांत इंदूरसारखी दुसरी नव्हती. चपळाई आणि बळ यांच्या वादात महाराजांनी जे उत्तर दिले, ते खरे पाहता तिसरेच होते. आखूड सांगाड्याची चपळाई त्यांनी घालविली. लांब सांगाड्याची ऐसपैस बैठकही घेतली नाही. एवढे लांब जनावर आणि बसायला दोघे! शर्यतीच्या दृष्टीने हे व्यर्थ होते. देखणेपणाच्या दृष्टीने मात्र त्या दशकातल्या अत्यंत धाडसी गाड्यांत तिची गणना करावी लागते. बुते द मॉन्वेलच्या चित्रातील उंच, सडपातळ आकृती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गाडी कोणासाठी मापून शिवली होती, हे सांगावे लागत नाही.

या षौकाचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत होता, हे विसरता येणार नाही. कापडगिरण्यांच्या इंदुरात मजुरांच्या चाळी वाढत होत्या, प्रजामंडळाचे कार्यकर्ते जबाबदार राज्यपद्धती मागत होते, आणि महाराज वर्षातला बराच काळ परदेशी असत. कारभार बापनांवर आणि इतर अधिकाऱ्यांवर सोपविलेला. राजा दूर असूनही राज्य बरे चालते, ही दिवाणाची स्तुती झाली, राजाची नव्हे.

१९३७ हे वर्ष त्यांच्या आयुष्याचा मध्य दुभंगून गेले. संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. कन्या उषाराजे चार वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराकडून महाराजांनी 'बर्ड इन स्पेस' ही तीन शिल्पे घेतली होती: एक काशाचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचे. ती ठेवण्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे, असा बेत त्या दोघांचा होता. ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन पोहोचला. पण तोवर घरातले चैतन्य गेले होते. काही आठवडे थांबून १९३८ च्या आरंभी तो परतला. मंदिर झाले नाही. पुढे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, काशाचा पक्षी अमेरिकेत पॅसाडीना येथे.

महाराजांनी १९३८ मध्ये मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. तो १९४३ मध्ये संपला आणि त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह झाला. १९४४ मध्ये पुत्र रिचर्ड यांचा जन्म झाला. त्यांचे दुसरे नाव शिवाजीराव. महेश्वरच्या विणकरांची कला जगविण्याचे काम पुढे त्यांच्या हातून झाले, हे सर्वांना परिचित आहे.

यशवंतरावांची नुसती मोटारी आणि हिऱ्यांची आठवण ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. इंदूरच्या मैदानावर त्यांनी जे उभे केले, त्याची किंमत सामान्य माणसाला अधिक कळते. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाने घडलेला होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाच्या दहा अंतिम सामन्यांत पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर ही त्या संघातली माणसे. खेळाडूंना संस्थानच्या फौजेत हुद्दा आणि नोकरी मिळे. क्रिकेट खेळून पोट भरते, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. महायुद्धात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढल्या. सामना तरीही होळकर हरले. नंतरच्या वर्षांत ते जिंकायला शिकले.

राजकारणात त्यांनी एकदा सर्वांना चकित केले. १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना त्यांनी खुले पत्र लिहून हिंदुस्थानचा प्रश्न सोडविण्यासाठी मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असे सुचविले. ब्रिटिशांच्या मांडलिक राजाने परक्या राष्ट्राध्यक्षाला परस्पर लिहावे, हे दिल्लीला रुचले नाही. ते पत्र धाडसी होते. पण धाडस आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९४७ मध्ये दिसले.

इंदूरपासून भोपाळ सुमारे १९० किलोमीटरवर. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान हे नरेंद्र मंडळाचे प्रमुख, बुद्धिमान, मुत्सद्दी, पोलोपटू. संस्थानांनी भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणात सामील न होता स्वतंत्र राहावे, असा त्यांचा प्रयत्न होता, आणि यशवंतरावांवर त्यांची छाप पडली होती. एका बाजूला नवाबांची ही वाट; दुसऱ्या बाजूला सरदार पटेल, व्ही. पी. मेनन आणि माऊंटबॅटन यांची. चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या इंदूरला स्वतंत्र राहणे अशक्य होते, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळले असते. तरी महाराज रेंगाळले. त्यांचे मन वळविण्यासाठी बडोद्याच्या गायकवाडांसह मराठी राजांना पुढे यावे लागले. सामीलनाम्यावर त्यांची सही झाली, पण अगदी अखेरच्या घटकेला. मोटार निवडताना ज्याने कोणाचीही पर्वा केली नाही, त्या माणसाला राज्याचा निर्णय घेताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. भोपाळच्या नवाबांनीही सामीलनाम्यावर सही केली. त्यांचे राज्य १ जून १९४९ पासून केंद्राच्या ताब्यात गेले.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांच्यातली अठराव्या शतकापासूनची चुरस लक्षात घेता, दुसऱ्या क्रमांकाचे हे पद त्यांना सुखाचे झाले नसावे. राजधानीही उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी वाटून घेतली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश अस्तित्वात आला, उपराजप्रमुखपद संपले आणि राजधानीचा मान इंदूरला नव्हे, भोपाळला मिळाला.

हिरे त्याआधीच गेले होते. 'इंदूर पेअर्स' १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी विकत घेतले. केशरी ड्यूसेनबर्गही अमेरिकेला परतली. ज्या देशात तिचे यंत्र घडले तेथेच आज ती संग्राहकांच्या प्रदर्शनांतून पाहायला मिळते, आणि तेथेही तिला महाराजांच्या नावाने ओळखतात. तिच्या आखूड बहिणींपैकी गॅरी कूपरची 'एसएसजे' २०१८ च्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. अमेरिकन गाडीला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती.

५ डिसेंबर १९६१ रोजी यशवंतराव मुंबईत निवर्तले. वय ५३. त्या दिवसांत वर्तमानपत्रांचे लक्ष गोव्याच्या सीमेकडे लागले होते; बेळगाव परिसरात भारतीय फौजा जमत होत्या आणि दोनच आठवड्यांत, १९ डिसेंबरला, गोमंतक मुक्त झाला. एका संस्थानिकाच्या मृत्यूला त्या धामधुमीत फारशी जागा मिळाली नसल्यास नवल नाही. वारसा कन्या उषाराजे यांच्याकडे गेला.

माणिकबागेतील सामानाचा १९८० मध्ये मोनॅको येथे लिलाव झाला, तेव्हा कुठे युरोपच्या कलाजगताला त्या महालात काय होते याचा पुरता अंदाज आला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरविले. महालाची इमारत इंदुरात उभी आहे. तेथे केंद्रीय कर खात्याचे कार्यालय भरते.